आमच्याकडे हे नाही

दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्यानंतरची गोष्ट आहे. सकाळची स्नानसंध्या उरकून आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. इतक्यात गावची आशाताई आणि तिच्याबरोबर एक तरुण पुरुष कार्यकर्ता अशी दोघे अंगणात आली. कुष्ठरुग्ण शोधण्याची सरकारी मोहीम चालू होती. घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची त्वचा पाहावयाची, स्त्रियांची तिने आणि पुरुषांची त्याने, असा त्यांस हुकूम होता. आमच्या पुतण्याची पत्नी दारात आली. ती पदवीधर आहे, वाणीने मृदु आहे, आल्यागेल्यास विन्मुख पाठविणारी नव्हे. तिने दोघांस पाणी दिले आणि अगदी गोड शब्दांत सांगितले, "ताई, आमच्याकडे असलं काही नाही हो. पुढच्या घरी पाहा."

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. याच दारात, 1971 साली. तेव्हा ते आमच्या आजोबांनी उच्चारले होते. सायकलवरून गावोगाव हिंडून लोकांची अंगे तपासणारा एक कार्यकर्ता त्या वर्षी आमच्या गावी आला होता. आजोबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी त्यास खाली बसावयासही सांगितले नाही. "आमच्याकडे हे नाही," एवढे तीन शब्द बोलून त्यांनी पोथीत डोके घातले. त्या गृहस्थाने नमस्कार केला, वहीत काही लिहिले आणि सायकल वळविली. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो व आजोबांच्या त्या रुबाबाचा आम्हांस मोठा अभिमान वाटला.

त्याच घटकेस आमची आत्या आत माजघरात ज्वारी निवडीत बसली होती.

आत्या म्हणजे आजोबांची थोरली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. घरात त्या वेळी लहानमोठी मिळून बावीस माणसे होती, आणि त्या बावीस माणसांची चूल एकट्या आत्याच्या बळावर चाले असे म्हटले तरी चालेल. तिच्या पुरणपोळीचे नाव तालुक्याच्या गावापर्यंत पोचले होते. तिची आणखी एक ख्याती होती. चुलीवरचे उकळत्या दुधाचे पातेले ती सांडशीवाचून, नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवी. आमची आजी पाहुण्यांस कौतुकाने सांगे, "आमच्या ताईच्या हाताला चटका म्हणून बसत नाही!" आम्ही मुले तिच्याभोवती गोळा होऊन "आत्या, पुन्हा उचल ना," असा हट्ट धरीत असू, आणि तीही हसून पुन्हा उचली.

ज्यास सारे घर तिचा गुण समजत होते, ते तिच्या रोगाचे लक्षण होते. या रोगाचा जंतू नॉर्वे देशात हॅन्सेन नावाच्या वैद्याने 1873 साली प्रथम दाखविला. तो त्वचेत आणि मज्जातंतूंत घर करतो. कोपराजवळून जाणारा मज्जातंतू त्याच्या तावडीत सापडला म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांची जाणीव जाते, मागाहून त्यांतील बळ जाते व ती आत वळू लागतात. महारोगाने बोटे झडतात असा जो सार्वत्रिक समज आहे, तो खरा नव्हे. जंतू बोटे खात नाही. पोळले, चिरले, ठेचले हे कळतच नाही, म्हणून माणूस त्या अवयवास जपत नाही. जखमा चिघळतात, हाड सडते आणि बोटे आखूड होत जातात. वेदना ही शरीराची राखणदार आहे आणि हा रोग प्रथम त्या राखणदारासच मारतो. आत्याची ती पातेली आठवली म्हणजे आजही आमच्या अंगावर काटा येतो.

1971 साली या रोगावर औषध नव्हते असे नाही. डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, त्या फुकट मिळत, आणि वर्षानुवर्षे घ्याव्या लागत असल्या तरी पुष्कळांस त्यांचा गुण येई. तो सायकलवाला आत येता, त्याने आत्याचे हात पाहिले असते, तर तिची बोटे राहिली असती असे आम्ही धरून चालतो. पुढे 1976 साली तिच्या तळपायास जखम झाली ती भरेना, उजव्या हाताची दोन बोटे आकड्यासारखी वळली, तेव्हा आमच्या वडिलांच्या ध्यानात आले. त्यांनी तिला जवळच्या ठिकाणी नेले नाही. परजिल्ह्यातील एका डॉक्टरांकडे रात्रीच्या मोटारीने नेले, दुसऱ्याच नावाने कागद केला, आणि पुढे गोळ्याही ते स्वतः जाऊन, त्याच खोट्या नावाने आणीत. दुसऱ्या वर्षी आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. वऱ्हाड घरी असेपर्यंत तीन दिवस आत्याला गोठ्यालगतच्या खोलीत ठेवले आणि बाहेरून कडी घातली. तिचे ताट नेण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही अठरा वर्षांचे होतो, मॅट्रिक झालो होतो, रघुवंशाचे सर्ग आम्हांस मुखोद्गत होते. कडी काढून ताट आत सरकवावे आणि पुन्हा कडी घालावी, हे आम्ही निमूटपणे केले. तिसऱ्या दिवशी तिने एकच विचारले, "पुरण नीट झालं होतं का रे?"

आता हे सर्व कोठे घडत होते पाहा. आमचे गाव वर्ध्यापासून पाच-सहा कोसांवर आहे. ज्या जिल्ह्यात या रोगाच्या सेवेचा पाया घातला गेला, त्याच जिल्ह्यात हे घडत होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. त्याच वर्षी गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले. संस्कृताच्या अभ्यासकांस तेथील परचुरे शास्त्रींची गोष्ट विशेष जवळची वाटावी. शास्त्रीबुवा व्युत्पन्न पंडित होते. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सहबंदी होते, परंतु रोगामुळे त्यांस वेगळे ठेवीत. 1939च्या सुमारास रोग बळावलेल्या स्थितीत ते सेवाग्रामास येऊन पोचले. गांधीजींनी आपल्या निवासापासून जवळच त्यांस झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगास मालीश करीत. शास्त्रीबुवांनी 1945 साली दत्तपूर येथे देह ठेवला. सेवाग्रामची ती परचुरे कुटी अद्यापि उभी आहे. आम्ही शाळेची सहल घेऊन तेथे कितीदा गेलो, मुलांस ती कुटी दाखविली, चार उदात्त वाक्ये बोललो! घरच्या गोठ्यालगतच्या खोलीचा शब्द मात्र आमच्या तोंडून कधी निघाला नाही.

गांधीजींच्या पश्चात, 1951 साली, वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. डॉ. वार्डेकर हे तिचे आद्य सूत्रधार. तोवर कुष्ठसेवा म्हणजे आश्रम. रोग्याने तेथे जावयाचे आणि बहुधा तेथेच राहावयाचे. वार्डेकरांनी ही दिशा उलट केली. रोगी येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यानेच गावोगाव जावे, प्रत्येक घरातील प्रत्येक माणूस तपासावा, लोकांस रोगाचे ज्ञान द्यावे, आणि रोग्यास त्याच्या घरीच ठेवून औषध द्यावे, अशी पद्धती त्यांनी सेवाग्रामच्या आसमंतात बसविली. 1955 साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार हीच त्रिपुटी उचलली. म्हणजे आजोबांनी ज्यास दारातून परत पाठविले, तो कोणी उपटसुंभ नव्हता. आमच्याच जिल्ह्याने देशास दिलेल्या एका विचाराचा तो पाईक होता. हिंगणघाटास जन्मलेले बाबा आमटे यांनी शेजारच्या चांदा जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, 1949 साली आनंदवन वसविले, ते तर सर्वांस ठाऊकच आहे. एवढा प्रकाश चहूबाजूंस असता आमच्या माजघरात अंधार होता.

आजोबा दुष्ट नव्हते. ते ज्या धर्मशास्त्रात वाढले, त्यात या गोष्टीचा निवाडा होऊन गेलेला होता. याज्ञवल्क्याने वाट्यास अपात्र अशा जनांची जी यादी दिली आहे, तीत आंधळे, पांगळे, वेडे यांच्याबरोबर 'अचिकित्स्य' रोगाने ग्रस्त झालेलेही येतात. त्यांस वाटा नाही. मात्र त्यांचे पोषण केले पाहिजे. आजोबांनी आत्याचे पोषण केलेच. पण या वचनातील शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. स्मृतिकाराने रोगाचे नाव घेतले नाही, 'अचिकित्स्य' म्हटले, म्हणजे ज्यावर चिकित्सा नाही असा. चिकित्सा सापडली की तो रोग या यादीतून आपोआप बाहेर पडतो. शब्दाचा अर्थ इतका सरळ असता, औषध हाती आल्यावरही आपण यादी तशीच ठेवली.

आणि हे केवळ जुन्या लोकांनी केले असेही नाही. 1898 सालचा इंग्रजी अमदानीतील कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आपल्या पुस्तकातून 2016 साली निघाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य व उग्र स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून घातलेले होते. ते काढावयास 2019 साल उजाडले. तोपर्यंत या रोगास असाध्य म्हणण्याचे काही कारण उरले नव्हते, त्यास पस्तीसांहून अधिक वर्षे लोटली होती. स्मृतिकारांस नावे ठेवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

ही पस्तीस वर्षे कोठून मोजावयाची, तर 1981 पासून. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे होऊ लागले होते. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्या वर्षी तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही ती औषधे. ही बहुविध औषधोपचार पद्धती आपल्या देशात ज्या जिल्ह्यांतून प्रथम राबविली गेली, त्यांत वर्धा जिल्हा अग्रभागी होता. आत्याला ती औषधे 1983 साली मिळाली, तिच्या खऱ्या नावाने. कारण तोवर आजोबा आणि वडील दोघेही निवर्तले होते, आणि खोट्या नावासाठी प्रवास करण्याची आमची ऐपत नव्हती. यात आमच्या धैर्याचा भाग नाही. दोन वर्षांनी डॉक्टरांनी ती रोगमुक्त झाल्याचे सांगितले. रोग गेला, वळलेली बोटे मात्र वळलेलीच राहिली. तिचे ताटही वेगळेच राहिले. ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. एकदा वेगळे झालेले ताट पुन्हा पंक्तीत आणण्याचे कोणास सुचले नाही, इतकेच. 1994 साली ती वारली.

या पद्धतीने देशात काय घडले ते आकडेच सांगतील. 1980 नंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्याकडे दर दहा हजार लोकांमागे सुमारे 57 रुग्ण होते. 2005 च्या डिसेंबरात हे प्रमाण एकाच्या खाली आले. 1995 पासून ही औषधे जगभर विनामूल्य मिळतात. ज्या रोगाच्या नावामागे लोकांनी 'महा' हे पद लावले होते, तो सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा व्हावा, ही आमच्या आयुष्यात घडलेली फार मोठी गोष्ट होय, आणि तीविषयी आम्ही पुरेसा आनंद मानलेला नाही.

परंतु येथे आमच्यातील जुना शिक्षक आडवा येतो. 2005 साली कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाले असे जाहीर करण्यात आले. मूल म्हणजे मूळ. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. सरकारी परिभाषेत मात्र त्याचा अर्थ एवढाच होता की, दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले, म्हणजे रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असा अर्थ लिहिला असता तर आम्ही लाल रेघ ओढली असती. लोकांनी शब्द ऐकला आणि रोग संपला असे समजून ते स्वस्थ झाले. त्याच सुमारास कुष्ठरोगाची निराळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्यात आली. कल्पना चुकीची नव्हती. या रोग्यास इतर रोग्यांच्याच रांगेत उभे राहता यावे, हे न्याय्यच आहे. पण ज्या माणसांनी तीस-तीस वर्षे केवळ त्वचा आणि मज्जातंतू तपासण्यात घालविली होती, ज्यांस दुरून चट्टा ओळखू येई, ती माणसे एकेक करून निवृत्त झाली. त्यांच्या जागी तशी माणसे घडली नाहीत. घरोघर जाणे थांबले. जो दवाखान्यात येईल तो रुग्ण, असा हिशेब सुरू झाला. आणि या रोगात दुखत नाही, खाजत नाही, म्हणून प्रारंभी कोणी येतच नाही.

जंतूचा स्वभावही असा चिवट की, शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसावयास साधारण पाच वर्षे लागतात, कधी वीसही लागतात. 2005 साली न सापडलेला रोगी आपल्या घरातील मुलास कधी रोग देऊन गेला, हे दहा वर्षांनी कळते. अखेर 2016 साली घरोघर शोधाच्या मोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या. शोधाचे महत्त्व किती, ते मागील साथीने दाखवून दिले. 2019-20 साली देशात सुमारे 1 लाख 14 हजार नवे रुग्ण नोंदले गेले होते. दुसऱ्या वर्षी करोनाने घरोघर जाणे बंद पडले आणि नोंद एकदम 65 हजारांवर आली. रोग घटला नव्हता, पाहणारे डोळे घटले होते. 2023 साली जगात 1 लाख 82 हजारांवर नवे रुग्ण सापडले, त्यांपैकी 1 लाख 7 हजारांवर भारतातील होते. मूळ जमिनीतच आहे, हे यावरून दिसते. 2027 पर्यंत रोगाचा प्रसारच थांबवावयाचा असा संकल्प सरकारने 2023 साली सोडला. संकल्प उत्तम आहे. त्याचे पाणी ज्यांच्या हातावर सोडले, त्या आशाताईंकडे गरोदर बायका, बालकांच्या लसी, क्षय, हिवताप, नाना तऱ्हेच्या नोंदी हे सर्व आधीच आहे. आणि एका कुष्ठरुग्णामागे तिला मिळतात ते काही शे रुपये.

असो. त्या दिवाळीनंतरच्या सकाळकडे वळतो. आशाताई फाटकापर्यंत पोचली होती. आम्ही ओसरीवरूनच म्हणालो, "सूनबाई, त्यांना परत बोलाव."

"काका, कशाला? कोण आहे आपल्याकडे असं?"

"कोणी नसेल तर पाहून जातील. सर्वांत आधी माझं अंग पाहू दे."

आम्ही सदरा काढून उभे राहिलो. सासऱ्यासमानाने असे केल्यावर तिचा निरुपाय झाला. एकेक करून घरातील सर्वांची तपासणी झाली. शेवटी आमची अकरा वर्षांची नात पुढे आली. तिच्या डाव्या दंडाच्या मागील बाजूस रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तो घरात कोणी पाहिला नव्हता असे नाही. जंतांमुळे असेल म्हणून तिला जंतांचे औषध दिले होते, खोबरेल तेलही चोळून झाले होते. आशाताईने मुलीस डोळे मिटावयास सांगितले आणि पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करीत म्हणाली, "जिथे लागेल तिथे बोट ठेव हं." मनगटाजवळ टेकविले, मुलीने बोट ठेवले. खांद्यावर टेकविले, बोट ठेवले. चट्ट्यावर टेकविले. मुलगी डोळे मिटून, जीभ दातांत धरून, परीक्षेस बसल्यासारखी वाट पाहत राहिली. "लाव ना," ती म्हणाली. आशाताईने आमच्याकडे पाहिले. पेन अजून चट्ट्यावरच होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी मुलीचे कोपर, गुडघ्यामागची बाजू, मान चाचपून पाहिली, मज्जातंतू जाड झालेला नाही असे सांगितले आणि निदान लिहिले. एकच चट्टा आहे, सहा महिने औषध पुरे, शाळा एक दिवसही बुडवावयाची नाही, औषध सुरू झाल्यावर तिच्यापासून कोणास भय नाही. सूनबाईने सर्व ऐकून घेतले. मुलगी बरी होईल का, हे तिने विचारलेच नाही. तिचा प्रश्न निराळा होता: "हे कागदावर कायमचं राहतं का? पुढे लग्नाच्या वेळी कोणाला कळेल का?" अधिकारीबाई क्षणभर गप्प राहिल्या. आम्हांस 1977 सालची कडी आठवली. सूनबाईवर आम्हांस राग आला नाही. ती आमच्याच घरची सून आहे. प्रश्न तिला आम्हीच वारशाने दिला आहे.

औषधाचे पाकीट दर चार आठवड्यांनी मिळे. महिन्याची पहिली मात्रा समोर घ्यावयाची, बाकीच्या गोळ्या रोज घरी. चौथ्या महिन्यात पाकीट संपल्यावर नवे मिळेना. साठा आला नाही, पुढच्या आठवड्यात पाहा, असे उत्तर मिळाले. केंद्राचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. तेथील माणसांचा तो दोष नव्हताही कदाचित. पण सहा महिने न चुकता घ्या, असे बजावून सांगणाऱ्यांकडेच गोळी नसावी, यास काय म्हणावे? नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आशाताई स्वतः दुसऱ्या केंद्रावर जाऊन पाकीट घेऊन आली. येण्याजाण्याचे भाडे देऊ केले ते तिने घेतले नाही, चहा घेतला.

रोग्याच्या सहवासातील माणसांस रिफॅम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंधक म्हणून देण्याची व्यवस्था आता आहे. तीसाठी आशाताई एका सकाळी आली. खोकला आहे का, ताप येतो का, कावीळ झाली होती का, असे प्रत्येकास विचारून तिने औषध पुढे केले. आमच्या थोरल्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मला काय झालंय? मी नाही घेत." पुष्कळ विनवणी झाली. शेवटी मुलगीच पाण्याचे भांडे घेऊन त्यांच्यापुढे बसली, तेव्हा त्यांनी औषध घेतले. भांडे खाली ठेवून त्या बराच वेळ स्वस्थ बसल्या. मग कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "ताईंचं ताट मीच वेगळं ठेवत होते." एवढेच. पुढे कोणी काही बोलले नाही. त्या औषधाने लघवीस तांबूस रंग येतो हे आशाताईने बजावून सांगितले होते. तरी धाकटा पुतण्या दुसऱ्या दिवशी पहाटे घाबराघुबरा होऊन आम्हांस उठवावयास आलाच.

हीच मात्रा शेजाऱ्यांसही द्यावयाची असते. पण ती द्यावयाची तर कारण सांगावे लागेल, आणि कारण सांगितले की गावास कळेल. त्यासाठी घरच्यांची संमती लागते. सूनबाईने ती दिली नाही. आशाताईने आग्रह केला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही केला नाही. चार घरांतील वीस-बावीस माणसे त्या दिवशी औषधावाचून राहिली. या लेखात गावाचे नाव नाही, आणि खाली आमचेही नाव छापू नये अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे. आजोबांच्या तीन शब्दांपासून आम्ही किती पुढे आलो, ते वाचकांनीच पाहावे.

सहा महिने पुरे झाले तो वैशाखाचा महिना होता. चट्टा पुरता गेला नाही, फिका होऊन राहिला. तो हळूहळू जाईल, औषधाचे काम झाले आहे, असे अधिकारीबाईंनी सांगितले. काही त्रास झाला तर यावे, एरवी येण्याचे कारण नाही. घरी आल्यावर सूनबाईने शेवटचे रिकामे पाकीट चुलीत घातले.

त्याच आठवड्यात घरी कुरडयांचा चीक शिजत होता. मुलगी लुडबुड करीत होती. कोणाचे लक्ष नाही असे पाहून तिने पातेल्याचा काठ धरला आणि किंकाळी फोडून हात मागे घेतला. सूनबाई रागावली, वहिनी थंड पाणी घेऊन धावल्या. आम्ही ओसरीवरून उठून आत गेलो. तिच्या हातास कधीच काही झाले नव्हते हे आम्हांस ठाऊक होते. तरीही तिची लाल झालेली बोटे आम्ही हातात घेतली आणि विचारले, "फार पोळलं का गं?"

"खूप!" ती रडत म्हणाली.